नाकाला पदर बांधलेली बाई

मित्रांनो, तुम्ही घाबरू नका. या गोष्टीत घाबरण्याचे काम माझ्याकडे आहे आणि ते मी मनापासून केलेले आहे. मी छपाईचा एक जुना ठोकळा आहे. छापखान्यात मला ‘ब्लॉक’ म्हणत. तळहाताएवढे माझे अंग. खाली सागवानी लाकूड आणि वर खिळ्यांनी ठोकून बसवलेला जस्ताचा पत्रा. पत्र्यावर उठावाचे चित्र. त्याला शाई लावून कागदावर दाबले की चित्र कागदावर उतरते. आता मी ते काम करत नाही, कारण चित्रात जिथे चेहरा असायला हवा, तिथे माझ्यावर कानशीचे ओरखडे आहेत. ते कुणा शत्रूने काढले नाहीत. ज्यांनी ते चित्र काढले, त्यांनीच ते ओरखडे काढले. ते कसे, हे सांगायला मी तोंड उघडले आहे, म्हणजे तोंड असते तर उघडले असते.

माझा जन्म १९८१ साली पुण्यातल्या शनिवार पेठेत झाला. तिथे यज्ञेश्वर नावाचे गृहस्थ ब्लॉक तयार करत. चित्राच्या रेषा जिथे असतील, तिथे जस्तावर एक थर चढवायचा आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा, अशी त्यांची पद्धत. थराखालचे जस्त वाचते, बाकीचे ॲसिड खाऊन टाकते. मी जन्माला आलो तोच असा, अर्धा अधिक खाल्ला जाऊन. तेव्हापासून माझ्या मनात भीती बसली ती बसलीच. यज्ञेश्वर मात्र शांतपणे पत्रा हलवत होते आणि अधूनमधून घड्याळ बघत होते. दोन मिनिटे उशीर झाला असता तर मी तुमच्याशी बोलायला उरलो नसतो.

माझ्यावरचे चित्र काढले होते भीमराव रामटेके यांनी. ते मूळचे भंडारा जिल्ह्यातले. नोकरीसाठी पुण्यात आले, एका कारखान्यात लागले आणि कात्रजच्या बाजूला दोन खोल्यांचे घर करून राहिले. त्यांचा हात चित्राचा होता, म्हणून कारखान्यातल्या ‘धोका’ लिहिलेल्या पाट्या आणि पाट्यांवरच्या कवट्या रंगवण्याचे काम त्यांच्याकडे असे. माणूस फार सरळ. सायकलला दिवा नसेल तर ते अंधार पडल्यावर सायकल हातात धरून चालत घरी येत. त्यांच्या घरात फळीवर भारताच्या संविधानाची एक प्रत स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवलेली होती. आपण माणसात आलो ते कायद्यामुळे, असे ते मुलीला सांगत. ते कायदा हा शब्द उच्चारतानासुद्धा जरा सावरून बसत.

त्यांची बायको चंपाबाई. ती तिखट करत असे. त्या काळी नागपूर-भंडाऱ्याकडून पुण्यात नोकरीला आलेल्या माणसांचे जेवणाचे हाल होते. पुण्याच्या आमटीत गूळ असतो हे कळल्यावर त्यांचे डोळे भरून येत, आणि ते तिखटाने नव्हे. चंपाबाई गावाकडून एसटीने मिरचीची पोती मागवायची, स्वारगेटला उतरवून घ्यायची आणि घरी उखळात कांडायची. आधी शेजारी मागू लागले, मग शेजाऱ्यांचे पाहुणे. पाकिटावर काहीतरी छापले पाहिजे असे ठरले, तेव्हा भीमराव पेन्सिल घेऊन बायकोसमोर बसले. ती मुसळ हातात घेऊन उभी होती आणि ठसका लागू नये म्हणून तिने नाकाला पदर बांधला होता.

“तो पदर सोड जरा. फोटोत चेहरा पायजे,” भीमराव म्हणाले.

“पदर सोडतो. मंग तिखट तुमी कांडा,” चंपाबाई म्हणाली.

मग भीमरावांनी तिला आहे तशीच काढली. नाकावर पदर, बारीक झालेले डोळे आणि डाव्या भुवईच्या वर गोंदणाचे तीन ठिपके. तेच चित्र माझ्या नशिबी आले. त्याच्या खाली ‘चंपा तिखट’ अशी दोन शब्दांची ओळ.

शनिवार पेठेतच हिंमतरावांचा छापखाना होता. गिऱ्हाइकाचा ब्लॉक छापखान्यातच ठेवायची रीत होती, म्हणून मी त्यांच्या फळीवर राहू लागलो. महिन्यातून दोनदा मला लोखंडी चौकटीत आवळत, लाल शाईचा रूळ अंगावरून फिरे आणि मग पायाने चालणारे ते यंत्र मला कागदावर आपटू लागे. प्रत्येक आपटण्याला माझा जीव घाबरा होई. काम संपले की हिंमतराव रॉकेलच्या चिंधीने मला पुसत. हिंमतराव तोंडाने फटकळ होते, पण पुसत छान. ते म्हणत, “या बाईंचं तिखट इतकं जहाल आहे, की चित्रातल्या बाईलाही नाक बांधावं लागलं.” कौतुक म्हणतात ते माझ्या वाट्याला आले ते एवढेच, पण ते मला पुरले. हळूहळू लोक तिखटाचे नाव विसरले आणि दुकानात जाऊन ‘नाक बांधलेल्या बाईचं तिखट द्या’ असे म्हणू लागले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की आपण नुसते जस्त नाही.

अशी दहा-बारा वर्षे गेली. मग देशाची दारे उघडली, असे सगळे म्हणू लागले. मला दारे दिसली नाहीत, पण दुकानांत चकचकीत पुड्या दिसू लागल्या. विदर्भातून मुले कॉम्प्युटर शिकायला पुण्यात येऊ लागली आणि खोल्या घेऊन राहू लागली. त्यांच्या डब्यात चंपा तिखट जाऊ लागले. स्वारगेटच्या एका दुकानदाराने ते दर्शनी फळीवर मांडले. भीमराव निवृत्त झाले आणि त्यांची मुलगी शैला शिकून तिखटाचे काम बघू लागली. तिने दोन बायका कामाला ठेवल्या, उखळाच्या जोडीला चक्की आणली. सगळे बरे चालले होते आणि नेमके तेच कुणाच्या तरी डोळ्यांवर आले.

१९९५ साली एका मोठ्या मसाला कंपनीने आपले वऱ्हाडी तिखट बाजारात आणले. त्या कंपनीचे नाव मी घेणार नाही. नाव घेतले की नोटीस येते. त्यांच्या पुडीवर एक बाई होती. हातात मुसळ, नाकाला पदर, डोळे बारीक, डाव्या भुवईवर तीन ठिपके. हिंमतरावांनी ती पुडी आणून माझ्याशेजारी ठेवली आणि चष्मा पुसून दोघांकडे बघितले. “बाई तीच आहे,” ते म्हणाले, “फक्त गोरी केली आहे. आणि सोन्याच्या बांगड्या घातल्यात. कंपनीत पगार बरा असावा.” शैला हसली आणि ती गोष्ट तिथेच राहिली. इथे आपण चुकलो, असे तिने पुढे अनेकदा म्हटले. आमच्यापैकी कुणीही चित्राची सरकारदरबारी नोंद केली नव्हती. त्या कंपनीने केली होती.

दोन वर्षांनी नोटीस आली. मी तेव्हा छापखान्याच्या फळीवर होतो, पण हा सगळा प्रकार पुढे इतक्यांदा बोलला गेला की तो मला पाठ आहे. रजिस्टर पोस्टाने आलेला जाड कागद. वर मुंबईच्या वकिलांची उठावाची अक्षरे, खाली शिक्का. मजकूर सगळा इंग्रजीत. शैला मालाच्या कामाला बाहेरगावी गेली होती. भीमरावांनी फळीवरून शब्दकोश काढला आणि एकेक शब्द बघत सकाळभर ते पत्र वाचले. तुम्ही आमच्या चित्राची नक्कल केली आहे. सात दिवसांत विक्री बंद करा. पाकिटे आणि ब्लॉक नष्ट करा. नाहीतर दिवाणी आणि फौजदारी कारवाई होईल. ‘फौजदारी’ हा अर्थ सापडल्यावर त्यांनी शब्दकोश मिटला.

मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, एवढे काय घाबरायचे? पण ज्या माणसाने आयुष्यात सायकलचा दिवासुद्धा चुकवला नाही, त्याच्या हातात असा कागद आला तर काय होते, ते मी पाहिले आहे. भीमराव त्याच दुपारी छापखान्यात आले. त्यांचा सदरा घामाने भिजला होता. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

“हा घेऊन जातो.”

“तुमचाच आहे, न्या,” हिंमतराव म्हणाले. “पण परवा छपाईला लावायचा आहे. काही बिघडलंय का?”

“नाही, नाही. कायद्याचं काम आहे,” भीमराव म्हणाले आणि त्यांनी मला पिशवीत टाकले. हिंमतरावांना नोटीस दाखवायचे त्यांना सुचले नाही. दाखवली असती तर तिथेच दोन फटकळ वाक्ये ऐकून ते भानावर आले असते. पण चोरीचा आळ आलेला माणूस तो कागद चारचौघांत उघडत नाही. तो पिशवी छातीशी धरून बसने घरी जातो. बस सिग्नलला थांबली आणि एक पोलीस आत चढला, तेव्हा भीमरावांनी पिशवी मांडीखाली सारली. पोलिसाने तिकीट काढले आणि तो बसला. भीमराव मात्र दोन थांबे आधीच उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी अंगणात पोते अंथरले. मला दोन पावलांच्या मध्ये घट्ट धरले. कारखान्यात वापरलेली कानस त्यांनी निवृत्तीनंतरही तेल लावून ठेवली होती. ती बाहेर काढली. मी ॲसिड पाहिले होते, यंत्र पाहिले होते. पण इतकी भीती मला कधी वाटली नव्हती, कारण यंत्राचा हात थरथरत नाही. त्यांचा हात थरथरत होता. ते माझ्याशीच बोलत असल्यासारखे पुटपुटले, “सगळा नाही मोडत. चेहरा सारखा आहे म्हणतात ना, चेहरा काढतो. बाकीचं राहू दे.” नष्ट करा असे लिहिले होते, आणि त्यांच्याने सगळे नष्ट करवेना. म्हणून त्यांनी आपल्या मनाने हा मधला मार्ग काढला होता.

आधी भुवईवरचे तीन ठिपके गेले. मग डोळे. जस्त मऊ असते, मित्रांनो, वेळ लागत नाही. मला ओरडता येत नव्हते, पण कानस ओरडत होती आणि तो आवाज ऐकून चंपाबाई हातातले सूप तसेच घेऊन बाहेर आली.

“काय करून राह्यले तुमी?”

“कायद्यानं सांगतलं आहे,” भीमराव वर न बघता म्हणाले. “नाही केलं तर शैलाले कोर्टात उभं करतीन.”

चंपाबाईने वाकून पाहिले. मग म्हणाली, “कायद्यानं माह्या तोंडावर कानस फिरवाले सांगतलं? असा कोनता कायदा आहे?”

भीमरावांनी नोटीस तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नव्हते. तिने तो कागद हातात घेतलाही नाही. तोवर माझा चेहरा गेलेला होता.

शैला परत आली, तेव्हा नोटिशीला तीन दिवस झाले होते. तिने ती वाचली आणि वडिलांना घेऊन तडक कल्याणीताईंकडे गेली. कल्याणीताई वकील होत्या आणि कंपन्यांच्या नावांचे आणि चिन्हांचे खटले चालवत. त्यांचे ऑफिस एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होते. मी पिशवीतच होतो. त्यांनी पत्र वाचले, घडी घातली आणि टेबलावर ठेवले.

“काका, हे पत्र आहे,” त्या म्हणाल्या. “एका माणसाच्या वकिलाने दुसऱ्याला लिहिलेलं. हा कोर्टाचा हुकूम नाही आणि हा कायदाही नाही. उद्या मी तुमच्या वतीने त्यांना असंच पत्र लिहीन.”

“पण शिक्का आहे,” भीमराव म्हणाले.

“शिक्का माझ्याकडेही आहे.” कल्याणीताई हसल्या. “आधी चित्र कोणी वापरलं, ते महत्त्वाचं. नोंद त्यांनी केली असेल, पण वापर तुमचा जुना आहे. तुमच्याकडे जुना ब्लॉक असेल ना? तोच आपला सगळ्यात मोठा साक्षीदार.”

खोलीत पंखा फिरत होता. भीमरावांनी पिशवीत हात घातला, पण मला बाहेर काढेनात. शेवटी शैलानेच मला काढून टेबलावर ठेवले. कल्याणीताईंचे हसू गेले. त्यांनी मला उचलून खिडकीच्या उजेडात धरले, बोटाने ओरखडे चाचपले आणि विचारले, “हे कधी केलं?”

“परवा,” भीमराव म्हणाले.

स्वतःच्या घरातला साक्षीदार आपणच मुका केला, हे त्यांना कळले होते. माझी भीती तेव्हापासून दुप्पट झाली. आता मला नष्ट होण्याची भीती होतीच, शिवाय माझ्यामुळे हे घर बुडेल ही भीती आली.

कंपनीने दावा लावला. एका दुपारी कोर्टाने नेमलेले कमिशनर, कंपनीची दोन माणसे आणि पंच घरी आले. त्यांनी पाकिटे मोजली, यादी केली आणि मला विचारले, म्हणजे माझ्याबद्दल विचारले. शैलाने मला त्यांच्या हातात दिले. कंपनीच्या माणसाने माझा खरवडलेला भाग पाहिला आणि तो आनंदाने म्हणाला, “हे लिहून घ्या साहेब. पुरावा नष्ट केलाय.” मला कापडात शिवले, गाठीवर लाख ओतली, त्यावर मोहोर उठवली. मला शिवाजीनगरच्या कोर्टात जप्त मालाच्या खोलीत नेऊन ठेवले आणि दार बंद झाले.

तिथे मी तीन वर्षे काढली. माझ्या डाव्या बाजूला कुणाच्या तरी केसांच्या तेलाच्या बाटल्या होत्या आणि उजव्या बाजूला नकली म्हणून पकडलेल्या पेनांचे खोके. कोण खरे, कोण खोटे, ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. सगळ्यांवर सारखीच लाख होती. दार उघडले की वाटायचे, आपला नंबर आला. कंपनीच्या दाव्यात शेवटची मागणी माझ्याविषयी होती. ब्लॉक नष्ट करण्यासाठी आमच्या ताब्यात द्यावा. एकदा पेनांचे खोके उचलून नेले. ते परत आले नाही. त्यानंतर कित्येक दिवस पावलांचा आवाज आला की माझे खिळे सैल झाल्यासारखे वाटत.

बाहेर शैला कोर्टाने निकालापर्यंत दिलेल्या मनाई हुकमामुळे बिनचित्राच्या पाकिटात तिखट विकत होती. गिऱ्हाईक येई, फळीवर नजर फिरवी आणि ‘नाक बांधलेल्या बाईचं द्या’ म्हणे. दुकानदार कंपनीची पुडी पुढे करी. गिऱ्हाईक घेऊन जाई. हे मला नंतर कळले. कांडणाऱ्या दोन बायकांपैकी एकीला शैलाने नाइलाजाने घरी बसवले. खटला हरलो तर चित्र कायमचे जाणार होते आणि चित्राशिवाय तिखट कुणाला ओळखूच येत नव्हते.

मग २००० साली सुनावणी लागली. माझी लाख फोडली आणि मला न्यायाधीशांसमोरच्या टेबलावर ठेवले. इतक्या उजेडात मी तीन वर्षांनी आलो होतो. समोर कंपनीची रंगीत पुडी पडलेली होती. पहिल्या दिवशी कंपनीच्या चित्रकाराची साक्ष झाली. चित्रातली बाई आपण कल्पनेने काढली, तिला कुणी पाहिलेले नाही, असे त्याने शपथेवर सांगितले. भुवईवरच्या ठिपक्यांबद्दल कल्याणीताईंनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “बाई गावाकडची वाटावी म्हणून मला सुचलं.”

त्यानंतर यज्ञेश्वर आले. ते आता काठी टेकत चालत होते. त्यांनी मला हातात घेऊन उलटे केले आणि लाकडाच्या तळाशी डाग देऊन उठवलेले आपले नाव आणि साल दाखवले. “ब्लॉक माझा आहे,” ते म्हणाले. “आणि मी हे काम शहाऐंशी साली बंद केलं. नंतरचा असूच शकत नाही.” मला जरा धीर आला. पण कंपनीचे वकील उठले. ते आवाज न चढवता बोलत आणि म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटे. ब्लॉक जुना असेल, ते म्हणाले, पण त्यावर चेहरा कुठला होता, ते आज कोण सांगणार? जुने म्हणून जे एक पाकीट आणले आहे, त्यावर तारीख नाही. ते काल छापलेले असू शकते. छापखान्याच्या पावत्यांवर चित्र नसते आणि छापखानेवाला तर त्यांचाच माणूस. चेहरा वेगळा होता, म्हणूनच तर तो खरवडला. निर्दोष माणूस स्वतःचा ब्लॉक कशाला खरवडेल?

याचे उत्तर फक्त एकाच माणसाकडे होते. भीमराव साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले. इस्त्रीचा सदरा, वरपर्यंत लावलेली बटणे. त्यांनी कठडा धरला आणि कठडा हलू लागला. वकिलांनी मला वर उचलून विचारले, “हे तुम्ही केलं?”

“हो.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

भीमराव माझ्याकडे बघत राहिले. शैला खाली मान घालून बसली होती. ते काही भलतेच बोलले तर सगळे संपणार, हे मलाही कळत होते. न्यायाधीश म्हणाले, “आजोबा, सावकाश सांगा. का खरवडलं?”

“भिऊन, साहेब,” भीमराव म्हणाले. “नोटीस इंग्रजीत होती. शिक्का होता. मले वाटलं, कायदाच बोलून राह्यला. कायद्यानं नष्ट करा म्हटलं, तर आपण नाही कसं म्हणायचं? आमच्याजवळ दुसरं आहे काय साहेब, कायद्याशिवाय? तोच म्हणत असन की तू चोर आहे, तर असन आपलीच चूक, असं वाटलं. ते चित्र माहं होतं. मीच काढलं होतं. तरी वाटलं.”

कंपनीच्या वकिलांनी पुढचा प्रश्न विचारण्यासाठी कागद उचलला आणि खाली ठेवला. “आणखी प्रश्न नाहीत,” ते म्हणाले.

शेवटची साक्ष चंपाबाईची. ती पिंजऱ्यात उभी राहिली ती चक्कीवर उभी असावी तशी. कल्याणीताईंनी न्यायाधीशांची परवानगी घेतली आणि तिला म्हटले, “आजी, तिखट कांडताना तुम्ही पदर कसा बांधता, ते दाखवा.”

चंपाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, नाकावरून घेतला आणि मागे गाठ मारली. सवयीने तिचे डोळे बारीक झाले. डाव्या भुवईवर गोंदणाचे तीन ठिपके.

मित्रांनो, ठोकळ्यावरचे चित्र नेहमी उलटे असते आणि ते सुलटे होते ते कागदावर. तो कागद तर ताबडतोब उचलला जातो. म्हणजे सोळा वर्षे जो चेहरा मी छापला, तो मी नीट असा कधी बघितलाच नव्हता. तो मी त्या दिवशी पाहिला. न्यायाधीशांनी आधी पुडी पाहिली, मग तिला पाहिले, मग पुन्हा पुडी. कंपनीचा चित्रकार मागच्या बाकावर बसला होता. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

“मायबाप, सोडू का पदर?” चंपाबाईने विचारले. “गरम होते.”

निकाल चार महिन्यांनी लागला. चित्राचा आधीचा वापर रामटेक्यांचा आहे, तो त्यांनी चालू ठेवावा आणि कंपनीने ते चित्र वापरू नये. कंपनीने पुडीवर बाईच्या जागी चमचा काढला. तो चमचा कुणाचा आहे, याची मी चौकशी केली नाही.

मला घरी आणले. पण माझा चेहरा परत येणार नव्हता. गेलेले जस्त कुणालाही पुन्हा बसवता येत नाही. हिंमतरावांनीही पायाचे यंत्र विकून टाकले होते. शैलाने त्या एका जुन्या पाकिटावरून कॉम्प्युटरवर चित्र करून घेतले आणि ‘चंपा तिखट’ पुन्हा फळीवर आले. घरी बसवलेली बाई पुन्हा कामाला आली. कल्याणीताईंच्या सांगण्यावरून या वेळी शैलाने चित्राच्या नोंदणीचा अर्जही केला. मला फळीवर, कापडात गुंडाळलेल्या संविधानाशेजारी जागा मिळाली.

भीमराव मात्र पहिल्यासारखे राहिले नाहीत. शैला म्हणे, बाबा, एखादं नवीन चित्र काढा, दिवाळीच्या पाकिटासाठी. ते पेन्सिल हातात घेत आणि विचारत, “असं चित्र आधी कोणी काढलं असन तर?” आणि पेन्सिल ठेवून देत. पोस्टमनची सायकल दारात थांबली की ते आतल्या खोलीत जात. मी भित्रा आहे, पण मी ठोकळा आहे. माणसाला असे भित्रे होताना बघणे फार वाईट.

२००४ साली एकदा रजिस्टर पोस्टाने एक मोठा लिफाफा आला. घरात भीमराव एकटेच होते. सही करताना त्यांच्या हातून पेन दोनदा पडले. लिफाफ्यावर सरकारी मोहोर होती. त्यांनी ते उघडले नाही. माझ्यामागे, फळीच्या भिंतीकडच्या बाजूला त्यांनी ते सारून ठेवले आणि कुणाला काही सांगितले नाही. आठ दिवस ते नीट जेवले नाहीत. रोज फळीजवळ येत, हात वर करत आणि परत जाऊन बसत. आतमध्ये काय आहे, ते मलाही माहीत नव्हते. आठ दिवस आम्ही दोघेही घाबरलेले होतो, ते खाली आणि मी वर.

नवव्या दिवशी शैलाने फळी पुसायला घेतली आणि लिफाफा तिच्या हाती लागला. तिने तो फाडला. भीमराव भिंतीला टेकून उभे राहिले. तिने आतला कागद काढला, वाचला आणि ती खाली बसली. तो नोंदणीचा दाखला होता. वर सरकारी सिंह, मध्ये नाकाला पदर बांधलेल्या बाईचे छोटे चित्र आणि त्याखाली मालक म्हणून चंपाबाईचे नाव. शैलाने तो वडिलांपुढे धरला. भीमरावांनी तो हातात घेतला नाही. त्यांनी लांबूनच चित्राकडे पाहिले.

“आता खरवडायचं नाही ना?” त्यांनी विचारले.

शैलाने नकारार्थी मान हलवली.

मित्रांनो, मला आता छापायचे नाही आणि कुणी मला छपाईला लावणारही नाही. माझी काळजी घ्या, मला पुसत जा, असे मी म्हणणार नाही. फळीवर मी बरा आहे. मागणे असेल तर एवढेच, की स्वतःच्या हाताने काही केले असेल, चित्र, गाणे, नाहीतर एखादा पदार्थ, तर ते आपले आहे हे वेळेवर लिहून ठेवा. दुसऱ्याने केलेले असेल तर त्याला विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण त्या चित्रात कुणाची तरी आई उभी असते. आणि तुमच्या घरात एखादे म्हातारे माणूस न वाचलेला कागद हातात घेऊन थरथरत उभे असेल, तर आधी त्याला बसायला खुर्ची द्या आणि मग तो कागद त्याला शेवटपर्यंत वाचून दाखवा.